बोहनी लागली कपाळाला

हबीब : बोर्ड उतरव, आमरीन. ‘इथं क्रिप्टो चालतं’ म्हणे! अख्खी गुलमंडी मला विचारती, हबीबभाई, हा कुठला नवा कपडा आणला?

आमरीन : अब्बा, शब्द दिलाय तुम्ही. आज एका जरी गिऱ्हाइकानं क्रिप्टोत पैसे दिले, तर उद्यापासून गल्ल्यावर मी. नाहीतर बोर्डही उतरवीन अन् गल्ल्याचं नावही काढणार नाही.

कृष्णा : ताई, बोर्ड खरा हाय ना? वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की थेट हितं आलो. सोयगावला आईसाठी शाल न्यायचीय. माझ्या क्रिप्टोवर कुणी भेळसुद्धा देत नाय हो!

आमरीन : या, या, बसा! अब्बा, ती जांभळी हिमरू शाल दाखवा.

हबीब : अठराशे. बोहनीचा टाइम हाय बेटा, घासाघीस नक्को.

कृष्णा : नाय करत चाचा. तुम्ही घेताय, हेच लई झालं.

आमरीन : हा चौकोन स्कॅन करा... आले! अब्बा, अठराशेचं क्रिप्टो आलं!

हबीब : कुठं आलं? गल्ला तर रिकामा.

आमरीन : तुमच्या फोनमध्ये. हे बघा.

हबीब : मग दे इकडं. पहिली कमाई हाय. बिस्मिल्ला...

(हबीब फोन कपाळाला लावतो, मग दोन्ही डोळ्यांना.)

कृष्णा : ओ चाचा, माझा फोन वाजला. सगळे पैसे परत आले की!

आमरीन : अब्बा! कपाळानं ‘परत करा’ दाबलं तुम्ही!

हबीब : अन् त्यानं ऐकलं? ना सही, ना विचारपूस?

आमरीन : ते चेहरा बघून खात्री करतं. फोन खाली घेतलात, समोर तुमचाच चेहरा. झाली खात्री!

हबीब : या अल्ला! चाळीस सालात बोहनी परत गेली नव्हती. हसू नको रे!

कृष्णा : हसत नाय चाचा... हसतोच हाय! पोट दुखायलं!

आमरीन : हसा तुम्ही. यात गेलेलं मागून मिळत नसतं. आता तुम्ही शाल ठेवून निघालात, तर माझं सगळंच गेलं.

कृष्णा : निघतो कशाला? आईला काय सांगू, शाल चाचांच्या कपाळावर सोडून आलो? हे घ्या, पुन्हा पाठवले.

आमरीन : आले! घ्या अब्बा—

हबीब : नक्को, मी हात लावत नाय! तूच घे. अन् ये, गादीवर बस.

आमरीन : उद्यापासून ठरलं होतं ना?

हबीब : उद्यापर्यंत हे कपाळ काय काय दाबील, भरवसा नाय.

आमरीन : मग तुम्ही कुठं बसणार?

हबीब : हितं, गिऱ्हाइकाशेजारी. इकडून तुझं दुकान कसं दिसतं, बघू तरी.