कोंबड्यापाशी थांबलेली फाइल

जबाब

नाव: तेओपिस्ता नाक्काझी. वय: ४६ वर्षे. धंदा: डिस्कवरून सिनेमे, गाणी व समारंभ उतरवून देणे. राहणार: न्येंडो बाजाराच्या मागची गल्ली, मासाका.

मी आज शुक्रवार, दिनांक १४ डिसेंबर २०१८ रोजी सकाळी पावणेनऊ वाजता चौकीत स्वतः हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी माझं अकरा वर्षांपासून दुकान आहे. ‘स्वतः हजर राहून’ असं लिहिण्याची रीत असली, तरी मला बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर मधोमध बसवून आणलं, पुढे बोडावाला आणि मागे फिर्यादी, हेही लिहून घ्यावं अशी मी विनंती केली. सार्जंट अद्राबो साहेबांनी ती मान्य केली.

फिर्यादी न्साम्बा ग्रेगरी, वय ३१, हा दुबईला गोदामात कामाला असतो. तो दोन वर्षं तीन महिन्यांनी परवा बुधवारी घरी आला. तो तिकडे असताना त्याची धाकटी बहीण प्रॉसी नाब्बोसा हिची क्वांजुला झाली, म्हणजे मुलाकडचे लोक रीतसर मागणी घालायला घरी आले. तिचं चर्चमधलं लग्न उद्या शनिवारी सकाळी दहा वाजता आहे. वडील नाहीत. त्यामुळे तिला हात धरून चर्चमध्ये नेण्याचं काम भावाचं आहे.

सार्जंट साहेब उत्तरेकडचे असल्यामुळे त्यांनी विचारलं, त्यावरून सांगते की, आमच्याकडे नवऱ्या मुलाने मुलीच्या भावाला कोंबडा द्यावा लागतो. गाय द्या, सोफा द्या, साखरेची पोती द्या, पण कोंबडा दिला नाही आणि भावाने तो घेतला नाही, तर मुलगी दिली असं होत नाही. त्यावर साहेब म्हणाले, “म्हणजे ही फिर्याद कोंबड्याची?” मी म्हटलं, “नाही स्सेबो, फिर्याद माझ्यावर आहे. कोंबडा नुसता निमित्त.”

घडलं ते असं. मागच्या महिन्याच्या सुरुवातीला फिर्यादीची आई, जुळ्यांची आई म्हणून जिला सगळे नालोंगो म्हणतात, ती क्वांजुलाची डिस्क आणि बाजारातून आणलेली हार्ड ड्राइव्ह घेऊन दुकानात आली. डिस्कवर चरे पडायला लागले होते, आणि मुलगा आला की त्याला घरच्या टीव्हीवर सगळं दाखवायचं होतं. अशा डिस्कवर समारंभ सलग नसतो, एकेक जीबीच्या तुकड्यांत असतो. हिच्या डिस्कवर आठ तुकडे होते. मी ते तसेच उतरवून देणार होते. पण नालोंगो म्हणाली, “तुकडे नकोत. शेजारणीच्या मुलीचं तू तसंच दिलंस. दर अर्ध्या तासाला टीव्ही थांबायचा, की पाहुणे उठून चालायला लागायचे. माझ्या मुलीचं लग्न एका दमात दिसलं पाहिजे. लग्न कुणी मोडून दाखवतं का?”

गिऱ्हाइकाच्या तोंडी लागू नये म्हणून मी कॉम्प्युटरला आठ तुकडे जोडून ड्राइव्हवर एकच फाइल करायला लावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. काम झाल्यावर सुरुवातीची पाच मिनिटं लावून पाहिली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. शेवट पाहिला नाही. ही माझी चूक आहे आणि ती माझ्याच तोंडची म्हणून लिहावी. डिस्क नालोंगोने परत नेली आणि फिर्यादीच्या आत्याकडे, सेंगा पेरपेतुआ हिच्याकडे, जपून ठेवायला दिली.

काल संध्याकाळी फिर्यादीने घरी ती फाइल लावली. सगळी आळी बघायला बसली होती. नवऱ्याकडचे लोक कोंबड्याची परडी घेऊन उठले, आणि फाइल थांबली. पुढे काही नाही. फिर्यादीने आईला विचारलं, “कोंबडा कुणी घेतला?” नालोंगो नुसती हसली आणि म्हणाली, “मी सांगणार नाही. तू डोळ्यांनीच बघ.” तिला वाटलं, टीव्हीच अडला असेल. फिर्यादीला वाटलं, आई लपवते आहे. त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की कोंबडा आलाच नाही, मुलाकडच्यांनी तेवढी जागा दुकानदारणीकडून कापून घेतली, आणि जोवर खरं कळत नाही तोवर मी शनिवारी बहिणीचा हात देणार नाही. प्रॉसी तेव्हापासून जेवलेली नाही, असं तिच्या आईने मला चौकीच्या पायरीवर सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मी मनात म्हटलं, माझ्यावर आळ आला तो आला, पण या पोरीचं लग्न माझ्या दुकानात अडकता कामा नये.

सार्जंट साहेबांनी सेंगा पेरपेतुआ हिला डिस्क घेऊन बोलावलं. ती सव्वादहाला आली. साहेब म्हणाले, “डिस्क लावा, बघून टाकू, मिटलं.” त्याला मीच हरकत घेतली. मी म्हटलं, “डिस्कवर सगळं असणारच, स्सेबो. मग हाच म्हणेल, डिस्कवर आहे आणि ड्राइव्हवर नाही, म्हणजे हिनेच कापलं. आधी सगळ्यांसमोर उतरवते. माझे हात बघत राहा.” फिर्यादी म्हणाला, “बघतो ना! डोळ्यांत तेल घालून बघतो.”

चौकीच्या कॉम्प्युटरवर मी, फिर्यादीने सोबत आणलेल्या त्याच ड्राइव्हवर, पहिल्यासारखीच एकसंध फाइल करायला लावली. मध्ये वाट बघताना नालोंगोने केळीच्या पानातले उकडलेले शेंगदाणे वाटले. काम थांबल्यावर फाइल लावली. परडी उठली आणि चित्र थांबलं. अगदी त्याच जागी. फिर्यादी ओरडला, “बघा! कात्री हिच्या बोटांतच आहे!” खरं सांगते, दुकानात मी काहीच कापलं नव्हतं. तरी आज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तेच झालं.

मी डिस्कवर संशय घेतला. ती पदराने पुसून पुन्हा उतरवली. त्याच जागी थांबली. चऱ्याने अडली असती तर चित्र आधी फाटलं असतं, तसं काही नव्हतं. मग वायर बदलली. पुन्हा तेच. सेंगा म्हणाली, “भूत आहे. कोंबडा दिसला की पळतं.” सार्जंट साहेबांनी तिला गप्प राहायला सांगितलं, पण ते स्वतःही खुर्ची थोडी मागे घेऊन बसले.

या वेळी मी पडद्यावर आलेला मजकूर वाचला. दुकानात घाईत मी तो न वाचताच बंद केला असणार. त्यात लिहिलं होतं की, ही फाइल या ड्राइव्हला फार मोठी आहे. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “अहो न्याबो, ड्राइव्हवर चारशे जीबी जागा मोकळी दिसते आहे. फुटबॉलचं मैदान ओस पडलंय आणि तुम्ही म्हणता एक माणूस मावत नाही?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी थांबलेल्या फाइलचा आकार पाहिला. बरोबर चार जीबी. आधीची पाहिली, तीही चार. खात्रीसाठी चौकीच्या कॉम्प्युटरवरची साहेबांची फुटबॉलच्या सामन्याची सहा जीबीची फाइल त्याच ड्राइव्हवर टाकायला घेतली. तिलाही तोच मजकूर आला आणि ती गेली नाही. म्हणजे कोंबड्याशी वैर कुणाचंच नव्हतं. नालोंगोची ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. तिच्यात अशा शंभर फाइली मावतील, पण एकही चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पोतं कितीही मोठं असो, तोंड अरुंद असलं तर फणस आत जात नाही. नालोंगोचा समारंभ जोडून साडेसात जीबीचा झाला होता. चार जीबी भरले तेव्हा नवऱ्याकडचे परडी घेऊन उठत होते. ते जर भाषणं आटोपती घेते, तर कोंबडा आत आला असता. हे मी बोलून दाखवल्यावर नालोंगो म्हणाली, “त्यांचा तो बोलका माणूस! दीड तास बोलला मेला!”

ड्राइव्ह नव्या पद्धतीने फॉरमॅट करता येते. पण तसं केल्यास तिच्यावरचं बाकीचं सगळं पुसलं जातं आणि नालोंगोचा जुना टीव्ही ती ड्राइव्ह वाचत नाही. म्हणून मी नालोंगोला सांगितलं, “आता तुकड्यांतच घ्यावं लागेल. आठही चारपेक्षा लहान आहेत, निमूट आत जातात.” ती जरा फुगली. मी म्हटलं, “नालोंगो, केळ्यांचं मटोकेसुद्धा एकेक घासानेच खातो ना आपण?” मग ती बरं म्हणाली. मी आठही तुकडे उतरवले. एकही अडला नाही. फिर्यादीने आठ बोटं मोजली.

पाचवा तुकडा सव्वाबारा वाजता सर्वांसमक्ष लावला. त्यात दिसलं ते असं. मांडवात पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर फिर्यादीचा पांढरा कांझू, म्हणजे समारंभाचा पायघोळ झगा, घातला होता. नवऱ्या मुलाने परडी आणली. फिर्यादीचा चुलतभाऊ कावुकी पुढे झाला, पण त्याने ती स्वतःसाठी घेतली नाही. त्या खुर्चीत ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “ग्रेगरी, कोंबडा तुझा आहे. मी फक्त हात लावला. तू येईपर्यंत याच्या मानेला सुरी लागणार नाही.” मग प्रॉसी आली. मोठ्या भावापुढे गुडघे टेकतात तशी ती त्या रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली, आणि म्हणाली, “कसा आहेस, दादा? जेवलास का? तुझी जागा मी कुणाला बसू दिलेली नाही.”

फिर्यादीने तुकडा परत मागे नेऊन लावायला सांगितला. मी लावला. त्याने तिसऱ्यांदा सांगितला. सार्जंट साहेबांचं लिहिणं या वेळी बंद होतं, म्हणून नेमकी वेळ नोंदलेली नाही.

त्यानंतर फिर्यादीने विचारलं, “कोंबडा... आहे अजून?” सेंगा म्हणाली, “माझ्या अंगणात. दोन वर्षं पहाटे चारला आरवतो. शेजाऱ्यांनी याच चौकीत दोनदा तक्रार दिली आहे माझ्यावर.” साहेबांनी वही उलटून पाहिली. तक्रारी होत्या. नालोंगो इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसले. सकाळपासून पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला.

फिर्यादीने माझी माफी मागितली. मी त्याला मुको, म्हणजे वधूचा भाऊ, अशी हाक मारून म्हटलं, “मुको, शेवट मीही बघितला नव्हता आणि तूही नाही. फिट्टंफाट.” त्याला प्रॉसीशी बोलायचं होतं, पण फोन लागल्यावर त्याने तो आईपुढे धरला. नालोंगोने तो घेतला आणि सांगितलं, “जेव गं बाई आधी. उद्या दादा हात देणार आहे.”

सार्जंट साहेबांनी विचारलं, की फिर्याद मागे घेतली असं लिहू का. तेव्हा न्साम्बा ग्रेगरी उभा राहिला आणि म्हणाला, “मागे घेतली एवढंच लिहू नका, साहेब. फिर्यादीतून माझं नाव काढा आणि खाली साक्षीदारांत लिहा. कोंबडा स्वीकारला गेला तेव्हा मी तिथे होतो.”

वरील मजकूर मला आमच्या लुगांडा भाषेतून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तेच त्यात आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, ती फिर्यादीच्या नावाची. ती माझ्यासमोर झाली आणि मला मान्य आहे.

सही: तेओपिस्ता नाक्काझी

समक्ष: सार्जंट अद्राबो

साक्षीदार: न्साम्बा ग्रेगरी, वधूचा भाऊ