टबातला गॅरेट

...आणि वर लोक मलाच विचारतात, "मार्लाबाई, दंड वाढवायला कुठलं डंबेल घेऊ?" तुम्हाला सांगते, जिमवाली नाही हो मी! शाळेची अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखण्याखुपण्याचं बघणारी. सहा वर्षं शिकले, हाडन् हाड पाठ केलं, देशपातळीची परीक्षा दिली, नेब्रास्का राज्याचा परवाना भिंतीवर टांगला... आणि आमचे फुटबॉलचे कोच वोंद्रा त्याच परवान्याखाली उभे राहून म्हणतात, "मार्ला, बाटल्या भरल्यास ना?"

भरते की. बर्फाच्या पाण्याचा टबही भरते, उन्हाळी सरावाला रोज, आणि रोज पोरं खिदळतात, "बाई, आज आंघोळ कुणाची?"

तर ऑगस्टची दुपार, वारा नाही, मक्याचं पान हलत नाही, आणि आमचा गॅरेट, तीनशे पौंडांचं धूड, झोकांड्या खात आला, कोचना "आई" म्हणाला आणि कोसळला. पोरं हसली. मी नाही हसले... डोकं भरकटलं म्हणजे उष्माघात. ताप मोजला. कुठून, ते विचारू नका, तोंडातला आकडा अशा वेळी फसवतो. एकशे आठ! सहा जणांनी उचलून टबात घातला, डोकं मी धरलं.

अँब्युलन्सवाला आला. "बाई, काढा त्याला, हॉस्पिटल तीस मैल आहे."

"म्हणूनच काढत नाही. आधी गार, मग गाडी."

"तुम्ही कोण?"

जिमवाली नाही हो मी, म्हटलं, आणि हा शाळेच्या डॉक्टरांच्या सहीचा कागद, उष्माघाताला आधी गार करा म्हणणारा. तो वाचतोय तोवर वोंद्रा मध्ये उभे राहिले. "ती सांगेपर्यंत पोरगं हलणार नाही." माझे हात बधिर झाले होते, पण हे ऐकून काय ऊब आली म्हणून सांगू...

एकशे सहा... एकशे चार... एकशे दोनला म्हटलं, काढा. गॅरेटनं डोळे उघडले. "बाई, माझी चड्डी कुठंय?" इतकं गोड वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. रविवारी चर्चमध्ये वोंद्रांनी उभं राहून माझं शिक्षण, परीक्षा, परवाना, सगळं घडाघडा सांगितलं. टाळ्या पडल्या, गॅरेटची आई गळ्यात पडून रडली, माझी मान अशी ताठ... बाहेर कॉफीपाशी येते तर माझ्यासमोर ही रांग! पहिल्या ह्लाडकी आजी, वय ब्याऐंशी, बूट काढून तयार. "एवढी शिकलीस म्हणे, अंगठा बघ."

काय करणार... कॉफी खाली ठेवली, अंगठा हातात घेतला.