ही बाजू वर, आत केक आहे

...नाही, पण मला सांगा, केकला टाचण्या लावतात का हो? आमच्याकडे लावल्या! बायको शिवणकाम करते ना, तिला कुठलीही गोल वस्तू दिसली की ती आधी गळ्यातली टेप काढते. केकभोवती टेप गुंडाळली, ओठांत टाचण्या धरल्या, आणि तशाच बंद तोंडानं म्हणते, "अहो, हा कंबरेत सैल आहे." केक! कंबरेत! म्हटलं, जाऊ दे, आपण कशाला तोंड घाला? आपल्याला काय, आपलं काम पॅकिंग!

खरंच, तेच काम आहे माझं. लोक घर बदलतात, त्यांचं सामान मी बांधतो. आरसे, काचेची कपाटं, कुणाच्या आजोबांचं घड्याळ... माझ्या हातून आजवर कपाचा कानसुद्धा तुटलेला नाही. गर्व नाही करत, सांगतो आपलं.

तर झालं काय, लेकीच्या शाळेत दरवर्षी लिलाव असतो. प्रत्येक घरानं एक केक सजवून न्यायचा, त्यावर बोली लावायची, आणि आलेल्या पैशांतून मुलांच्या दवाखान्यात खेळणी द्यायची. चांगलंच आहे, कोण नाही म्हणतंय? पण गेल्या वर्षी मी होतो कामावर, आणि केक गेला स्कूटरवरून, बायकोच्या पायांमधे, साध्या डब्यात! पोचला तेव्हा अर्धा झाकणाला. लेक तो घेऊन स्टेजवर उभी, आणि खाली कोणी बोलीच लावेना हो! शेवटी मोठ्या बाईंनीच घेतला. "अगं, मला असाच आवडतो!" म्हणे. आता पोर लहान असली म्हणून तिला दया कळत नाही? चांगली कळते. मी कामावरून घरी आलो, तर माझ्याकडे अशी बघत होती!

म्हणून या वर्षी तिनं सगळ्यांना समोर बसवून बजावलं, "आपल्यातल्या कोणीच बोली लावायची नाही. बाईंनी पण नाही. अनोळखी माणसानंच घ्यायला हवा. आणि स्वतःहून!"

झालं! सगळं घर कामाला लागलं, आणि सगळं घर लागलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सासूबाई साखरेचा डबा कवेत घेऊन उभ्या. "अजून थोडी घाला, आजारी मुलांसाठी आहे ना?" मी म्हटलं, "अहो, मुलं केक नाही खाणार, मुलांना खेळणी मिळणार." तर म्हणतात, "तरीपण!" मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवतो. तो म्हणाला, "भाऊजी, अक्षर कसं हवं? रस्त्यापलीकडून वाचता यायला हवं!" आणि लेकीला केकवर हवं होतं ते ‘बदकांचं तळं’ नुसतं लिहायलाच घेतलं. ‘बद’ एवढंच वर मावलं, बाकीचं कडेनं खाली उतरलं. बायको म्हणते, खाली झालर लावायचीय, तुझी अक्षरं काढ. तो म्हणतो, अक्षरं राहणार, झालर काढ. सासूबाई दोन्हींवर साखर भुरभुरतायत. मी भिंतीला टेकून बघतोय. आपल्याला काय, आपलं काम पॅकिंग!

आणि मधेच लेक हळूच म्हणाली, "यात माझं तळं कुठाय?"

बायकोनं टाचण्या काढल्या (मोजून लावल्या होत्या, मोजून काढल्या, तेवढं तिचं आहे). मेहुण्यानं स्वतःची अक्षरं स्वतःच्या हातानं खरवडली, आणि पाट्या रंगवणाऱ्याला ते किती लागतं माहितीये तुम्हाला? मग पोरीनं एकटीनं केलं सगळं. निळं पाणी, हिरवा काठ, पिवळी बदकं, एक जरा मागे राहिलेलं. मला केकमधलं काही कळत नाही, पण ते बघून बरं वाटलं.

आणि मग... मग आली माझी पाळी!

तुम्हाला सांगतो, जीव ओतला मी. खाली फळी, फळीला केक पक्का. चारी बाजूंनी फोम. त्यावर पुठ्ठ्याचं खोकं, खोक्याबाहेर लाकडी चौकट, चौकटीला स्क्रू, त्यावर पट्ट्या. ‘नाजूक माल’. ‘ही बाजू वर’. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, केक आहे, पियानो नाही." म्हटलं, आपल्याला काय, आपलं काम पॅकिंग!

शाळेच्या हॉलमधे मी आणि मेहुणा, दोघांनी उचलून आणला. लिलाव करणारे खेळाचे सर, गळ्यात शिट्टी. लेकीची पाळी आली. सर म्हणाले, "उघडा!" उघडा काय उघडा? स्क्रू ड्रायव्हर घरी! सरांनी कात्री आणली, ती वाकली. शिपायानं सुरी आणली, ती चौकटीत रुतली. मी घामाघूम, लेक माझ्याकडे बघतेय, आणि ती नजर... अहो, गेल्या वर्षीचीच! शेवटी सरांनी शिट्टी मारली, "वेळ संपली! आहे तसं घ्या!"

आहे तसं! आत काय आहे दिसत नाही, वास येत नाही, आणि बोली लावा! म्हटलं, संपलं. केक वाचवला आणि पोरीला बुडवलं.

आणि मागून आवाज आला हो! जाडजूड गृहस्थ, कुणाचे कोण, मी कधी पाहिले नाहीत. त्यांनी बोली लावली. मग दुसऱ्या एक बाई, "एवढं जपून आणलंय म्हणजे आत काहीतरी असणारच!" म्हणून. मग पुन्हा हे गृहस्थ. चढत चढत गेली की! शेवटी गृहस्थांनीच घेतला. लेकीनं माझी बाही ओढली, "बाबा, ते आपले कोणी नाहीत ना?" म्हटलं, "नाही गं, शपथ." काय हसली! वर्षभराचं हसू एकदम.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, एकटाच, स्क्रू ड्रायव्हर घेऊन. उघडलं. एक बदक हललं नव्हतं! मी म्हटलं, बघा! पण ते केककडे बघतच नव्हते हो. फोम दाबून बघतायत, चौकट ठोकून बघतायत. म्हणाले, "हे बांधलंय कोणी? तुम्ही? वा! आम्हाला घर बदलायचंय, आणि भरवशाचा माणूसच मिळेना. केक तुम्ही घेऊन जा, आमच्याकडे गोड कोणी खात नाही."

केक तसाच कामावर नेला, ट्रकच्या मागे बसून आम्ही पॅकिंगवाल्यांनी संपवला. साखर जास्त होती.

घरी आलो तर लेक दारातच. "बाबा, त्यांना आवडला?"

म्हटलं, "आवडला म्हणजे? तुझा केक बघितला आणि घरातलं सगळं सामान माझ्या हवाली करतो म्हणाले!"

ती उड्या मारत आत पळाली, आणि आतून ओरडली, "आजी, पुढच्या वर्षी दुमजली करू या!"

मी दुमजली चौकटीचं माप काढायला बसलो.