गुळवणी आप्पांच्या स्टेशनात टॅक्सीला जागा नाही

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले काका, तुम्हीही बोटांना विसावा द्या. आज आधी प्रश्न, मग गोष्ट.

प्रश्न असा — एखादी गोष्ट अगदी बरोबर असली, म्हणजे ती खरी असतेच का?

लगेच माना डोलावू नका. सहामाहीला मी एक गणित सोडवलं. रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा. फक्त ते गणित पुस्तकातलं होतं, पेपरातलं नव्हतं! किती गुण पडले? राहू द्या. देवळात सगळंच सांगायचं नसतं.

तर मंडळी, निंबळगाव नावाचं एक गाव. गावाला स्टेशन. स्टेशनाजवळ घर गुळवणी आप्पांचं. आप्पा रेल्वेत गार्ड होते. छत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवी झेंडी दाखवली त्यांनी. निवृत्त झाल्यावर माणसं कुठं जातात? कुणी काशीला, कुणी मुलाकडे पुण्याला. आप्पा कुठं गेले? माडीवर!

माडीवर त्यांनी एक भलंमोठं टेबल मांडलं, आणि त्या टेबलावर अख्खं निंबळगाव स्टेशन उभं केलं. रूळ, सिग्नल, पाण्याची टाकी, तिकिटाची खिडकी. वीतभर डबा, करंगळीएवढी मोटार. बटण दाबलं की गाडी सुटायची, वळसा घालून परत यायची. बघायला लहान पोरं जमायची, पण हात लावायची सोय नाही! आप्पा धूळसुद्धा रंगाच्या कुंचल्यानं झटकायचे.

आणि आप्पांचे नियम होते दोन. पहिला — टेबलावरचं सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. शहाऐंशी नाही, अठ्ठ्याऐंशी नाही. दुसरा — टेबलावर साल एकाहत्तर. का, तर आप्पा त्या साली नोकरीला लागले. एकाहत्तरनंतर निघालेली मोटार स्टेशनच्या आवारात शिरणार नाही म्हणजे नाही. एकदा त्यांच्या पुतण्यानं प्रेमानं एक छोटी जीप आणून दिली. आप्पांनी भिंगातून बघितली आणि म्हणाले, हिचे दिवे चौऱ्याहत्तरचे आहेत. जीप परत! पुतण्याही त्यानंतर फारसा आला नाही.

बाकी काही असो, मोटारींवर मात्र आप्पांचा जीव जडला होता. जुन्या, देखण्या, लांबलचक मोटारी. परदेशातून खोक्यांत यायच्या. घरी कळू नये म्हणून आप्पा खोकी औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर मागवायचे. अनसूयाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं विचारलं की सांगायचे, गुडघ्याच्या गोळ्या आहेत. काकू 'बरं' म्हणायच्या. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, गोळ्या जपून घ्या. कालच्या गोळीला चार चाकं होती."

तबलजी हसताहेत. तुमच्याही घरी येतात वाटतं गोळ्या?

असो. होता होता एक्केचाळीस मोटारी झाल्या. स्टेशनसमोरच्या अंगणात ओळीनं उभ्या. माप बरोबर, साल बरोबर. आप्पा रोज सकाळी बघायचे आणि त्यांना वाटायचं, जगात एक तरी जागा आहे जिथं काही चुकलेलं नाही.

अशात एका सोमवारी हुसेनभाई मुजावर जिना चढून आले.

हुसेनभाई कोण? निंबळगाव स्टेशनावर ज्यांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली ते. काळी डॉज गाडी. डाव्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं, भोंगा रबरी, आणि आतल्या गादीची एक स्प्रिंग अशी की बसलेला माणूस उतरेपर्यंत देवाचं नाव घेई! आता हुसेनभाईंचं वय ऐंशीला आलेलं. डोळ्यांना लांबचं धूसर, फक्त नाकासमोरचं दिसायचं. आणि बुधवारी अकराच्या गाडीनं ते हुबळीला लेकीकडे निघाले होते. कायमचे. घर रिकामं केलं होतं.

त्यांनी पंच्याची गाठ सोडली. आत डॉज! तेलाचा डबा कापून, ठोकून, स्वतः केलेली. कोटाच्या बटणांची चाकं. चपलेच्या पट्ट्यातल्या रबराचा भोंगा. काळा रंग दिलेला, आणि डाव्या दाराला तार बांधलेली. डोळे अधू, सगळं बोटांनी चाचपून केलेलं. दोन महिने लागले होते.

हुसेनभाई म्हणाले, "गार्डसाहेब, मी चाललो. हिला तुमच्या स्टँडवर उभी करा. बाकी काही नको."

मंडळी, किती साधं मागणं! तुम्ही असता तर काय केलं असतं?

आप्पांनी काय केलं? खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला! शाळेच्या प्रयोगशाळेत असतो ना, ज्यानं आम्ही गोटीचा व्यास मोजतो आणि प्रत्येकीचा वेगळा येतो, तो. डॉज मोजली. सहा सेंटिमीटर हवी होती, निघाली एकवीस. ती जर अंगणात ठेवली असती, तर टॅक्सीत उतारू बसले नसते — स्टेशन बसलं असतं, मास्तरांसकट!

आप्पा मान हलवून म्हणाले की भाई, काम सुरेख आहे, पण मापात नाही. इथं जागा नाही हिला.

हुसेनभाईंनी वाद घातला नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. गाडी पंच्यात बांधली, चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणून काकूंची थट्टा केली, आणि भिंतीला हात लावत लावत जिना उतरून गेले.

*मोजता मोजता । जन्म हा सरला ।*
*दारी जो आला । दिसलाच नाही ॥*

ही ओळ कुण्या संताची नाही हं, मीच जुळवली आहे. कुठं अडखळली असेल तर तबला जोरात वाजवा, कळणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, काकू कडाडल्या असतील. छे! कडाडणाऱ्या बायकांना नवरे सरावलेले असतात. काकूंनी मंगळवारी दुपारी जेवणं उरकली, चष्मा पुसला, खुर्ची घेतली, आणि पहिल्यांदाच माडीवर टेबलासमोर येऊन बसल्या. आप्पांना कोण आनंद! इतक्या वर्षांनी बायकोनं रस घेतला!

काकूंनी एका मोटारीकडे बोट केलं. गुलाबी, लांबलचक, मागं माशासारखे पर.

"ही कोणती?"

"कॅडिलॅक. एकोणसाठची. तिचे पर बघितलेस?"

"बघितले. कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"आपल्या गावात कुणाकडे होती?"

आप्पांनी कॅडिलॅकवरची धूळ कुंचल्यानं झटकली. काकू पुढच्या मोटारीवर गेल्या. ही लाल, बिनटपाची? मामलेदारांची का? ते तर एसटीनं यायचे, आणि एसटी लागायची त्यांना. मग ही चंदेरी कोणाची, सुतारगुरुजींची? गुरुजींकडे सायकल होती, तिलाही घंटी नव्हती. आणि ही हिरवी? तलाठ्याची म्हणावी तर तलाठी कधी वेळेवर आला नाही, असली मोटार असती तर आला असता.

एक्केचाळीस मोटारी, मंडळी! काकूंनी एकही सोडली नाही. शेवटी आप्पा म्हणाले, "अगं, ह्या मापात ह्याच मिळतात. आपल्याकडच्या मिळत नाहीत."

"बरं. आपलं लग्न कोणत्या साली?"

"एकाहत्तर."

"मग मला ह्या स्टेशनावरून घरी कोणत्या गाडीतून आणलंत?"

आप्पांनी खाली बघितलं. सांगायला हवं का? ती स्प्रिंग काकूंना अजून आठवत होती.

काकू उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "गाडी मापात बसेना, म्हणून तुम्ही गावच बदललंत."

गेल्या खाली. भांडी घासायला लागल्या. आणि आप्पा? माप बरोबर, साल बरोबर — आणि समोर गाव मात्र कुठलं तरी परक्याचं! माझ्या गणितासारखं झालं की हो.

पण मंडळी, पश्चात्ताप झाला म्हणून एकवीस सेंटिमीटरचे सहा होत नाहीत. डॉज ठेवायची कुठं? आप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली खरं स्टेशन. चार-दहाची पॅसेंजर सुटली होती. शेवटचा डबा लहान लहान होत चालला. छत्तीस वर्षं हेच तर बघितलं होतं त्यांनी, उलट्या बाजूनं! डब्यात उभे असताना हातातली झेंडी एवढी मोठी, आणि मागं राहिलेलं अख्खं स्टेशन तिच्या टोकाएवढं. झेंडी काही स्टेशनापेक्षा मोठी नव्हती. जवळ होती, एवढंच.

आप्पा धडाधड जिना उतरले. म्हणाले, "पाट दे."

काकू म्हणाल्या, कसला पाट? जेवायला बसायचा? त्यावर कोण बसतंय आता?

"हुसेनभाईंची डॉज."

तो पाट त्यांनी टेबलाच्या अलीकडच्या कडेला खिळ्यांनी ठोकला. शिसवी पाट, काकूंच्या रुखवतातला! काकूंनी स्वतः हातोडी आणून दिली. वर माती पसरली, कडेला गवत लावलं.

बुधवारी सकाळी आप्पा हुसेनभाईंच्या दारात. भाई म्हणाले, राहू द्या गार्डसाहेब, गाडी ट्रंकेच्या तळाशी गेली, वर जावयानं दोरखंड बांधलाय. आप्पांनी सत्तरी उलटलेल्या बोटांनी दोरखंडाची गाठ सोडली. जावई घड्याळ दाखवत होता. आप्पा त्याला म्हणाले, "गाडी कधी सुटते ते तू मला सांगू नकोस."

डॉज बाहेर काढली आणि भाईंना माडीवर आणलं. कडेशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसवलं, म्हणजे डोळे बरोबर पाटाच्या उंचीला यावेत. आणि मंडळी, काय दिसत होतं! इथं नाकासमोर काळी डॉज, मागं दूर स्टेशन, सिग्नल, येणारी गाडी. टॅक्सी जराही मोठी दिसेना. आत्ताच स्टँडवर येऊन लागल्यासारखी, बस!

पण हुसेनभाईंना लांबचं कुठं दिसत होतं? त्यांना दिसली फक्त डॉज. मग त्यांनी हात पुढं केला आणि पलीकडचं अंगण बोटांनी चाचपलं. ज्या टेबलाला कुणी बोट लावायचं नाही, त्या टेबलावर! आप्पांनी हात धरला नाही.

अंगण रिकामं होतं.

"तुमच्या गाड्या कुठं गेल्या?"

"खोक्यात ठेवल्या. त्या साली स्टँडवर तुम्ही एकटेच होतात."

हुसेनभाईंनी रिकामं अंगण पुन्हा एकदा चाचपलं. मग म्हणाले, "एकटा नव्हतो, गार्डसाहेब. चार टांगे होते. रोज माझ्या नावानं शिव्या घालायचे. ते ठेवा, नाहीतर खोटं वाटेल."

आप्पांनी तोंड उघडलं — "मापात टांगे मि—" काकूंनी नुसतं बघितलं.

"करतो," आप्पा म्हणाले. "जमतील तसे करतो."

अकराची गाडी वेळेवर सुटली. भाईंच्या ट्रंकेत एकवीस सेंटिमीटर जागा रिकामी होती, तिथं काकूंनी लाडवांचा डबा बसवला. आणि आप्पा सुधारले का म्हणाल, तर थोडेसे. पुढच्या आठवड्यात पुन्हा गोळ्या आल्याच! पण औषधाच्या दुकानात नाही, सरळ घरी.

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर मिळालं ना? आता मान डोलावली तरी चालेल. आपण सगळे मोजतो. सुनेचा स्वयंपाक, जावयाचा पगार, शेजारच्या मुलीचे गुण. आमचे तर फारच मोजता तुम्ही! आणि मोजून झालं की सांगतो, बसत नाही, इथं जागा नाही. अहो, जागा कधीच नसते. ती कुणाला तरी पाट ठोकून करावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, पोरगी छान बोलली, आरती करा आणि चला घरी. थांबा. मला इथून सगळं दिसतंय. पुढं सतरंजीवर पिशव्या ठेवून जागा धरलेल्या आहेत, आणि मागं खांबापाशी तीन आजी आणि एक आजोबा मघापासून उभे आहेत. उचला त्या पिशव्या. सरका थोडं.

अजून.

हं, आजोबा, या. आता आरती.