अर्धी तारीख

समारंभाचे अध्यक्ष आणि वारसा समितीचे प्रमुख श्री. उर्मास केर्स्ना, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या पोस्टातून आज निवृत्त होणाऱ्या साल्मेबाई लेपिक, आणि कॉफीच्या वासाने चुळबुळणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

तिकीट-संग्राहक मंडळाचा चिटणीस म्हणून ही भेटीची चौकट साल्मेबाईंच्या हाती देण्याचा मान मला मिळाला आहे. देण्यापूर्वी दोन शब्द बोलतो.

३१ ऑगस्ट १९९४. शेवटच्या रशियन तुकड्या एस्टोनिया सोडून गेल्या, तो दिवस. आमच्या मंडळाने खास पाकीट छापलं होतं. साल्मेबाईंनी त्यावर तिकीट लावलं, त्या दिवसाचा शिक्का मारला आणि पत्ता लिहिला: विल्लेम लेपिक, लुहाराचं घर, बंदर रस्ता. विल्लेम म्हणजे त्यांचे वडील. पंचेचाळीस साली रशियन सैन्याने दोन तासांत त्यांना त्या घरातून बाहेर काढलं आणि रस्त्याला तारेचं कुंपण पडलं. पुढे एकोणपन्नास वर्षं त्या पत्त्यावर टपाल गेलं नाही.

पाकीट घेऊन साल्मेबाई स्वतः सायकलवरून गेल्या. मी मागोमाग होतो. म्हातारा सकाळपासून त्याच घराच्या पायरीवर बसलेला. म्हणतो कसा, “पोरी, इतकी वर्षं तुमचा पोस्टमन कुठे मेला होता?” मग पाकिटाच्या पाठीवर त्याने पेन्सिलीने लिहिलं, ‘मिळालं. घरीच आहे.’

हे पाकीट गेल्या वर्षी वारसा समितीने प्रदर्शनासाठी मागून नेलं. आणि काय केलं? कोमट पाण्यात बुडवलं! तिकीट अलगद सुटलं, वाळवलं, या चौकटीत बसवलं. पाकीट? ते ओलं झालं म्हणून टाकून दिलं! अहो, आमच्याकडे नवं सभासद झालेलं माणूससुद्धा पहिल्या दिवशी शिकतं की शिक्का तिकिटावर अर्धा आणि पाकिटावर अर्धा पडतो. आता तिकिटावर फक्त एकतीस आणि ऑगस्ट उरलाय. साल गेलं. पत्ता गेला. म्हाताऱ्याची पेन्सिल गेली. आणि खाली पितळी पट्टी काय सांगते? ‘उत्तम स्थितीत जतन’!

कसली उत्तम स्थिती, केर्स्नासाहेब? तिकिटं पोस्टात हवी तेवढी मिळत होती. घरी आलेलं पत्र एकच होतं.

(साल्मेबाई, हातवारे करू नका. “हाइनो, बस खाली, कॉफीबरोबरचा गोड क्रिंगल पाव संपेल,” असं म्हणताय ना? संपू दे.)

ही चौकट मी देणार नाही. अध्यक्षमहाराज, ही घ्या परत. पट्टीवर ‘पत्र आम्ही टाकलं’ असं कोरून आणा आणि लुहाराच्या घरी जाऊन साल्मेबाईंना स्वतः द्या. पत्ता आता कुठे लिहिलेला नाही. विचारत विचारत जा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर साल्मेबाई, मला माफ करा. अध्यक्षांकडे मी माफी मागत नाही. आधी त्यांनी तुमच्याकडे मागावी.