चौथ्या काडतुसाची मुरड

— नाही, बंदूक टेबलावर ठेव, माझ्या हातात देऊ नकोस. तसंच, नळी भिंतीकडं करून. रिकामी आहे? बघितलंस तू? पुन्हा एकदा बघ. हं. आता बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, या पेटीवर बस. चहा घे, किटली गरम आहे, साखर तुझी तू घाल. चोवीस काडतुसं हवीत म्हणतेस. सोमवारी विमान येणार, तुला वर नदीवर सोडणार, त्या जाळीच्या बांधापाशी, मासे मोजायला. तीन महिने. आणि सोबतीला ती शहरातली पोरगी, तिनं अस्वल फक्त चित्रात बघितलंय — म्हणजे बंदूक तुझ्याच कमरेला. कळलं मला लुशा, मी बहिरा नाही. उजव्या कानानं थोडा आहे, तेवढंच.

काडतुसं आहेत ना, हा काय डबा. चोवीसच्या चोवीस, तू सांगायच्या आधीच करून ठेवलीत. नदीवरचं काम तुला मिळालं हे दुकानात कळलं, त्याच संध्याकाळी शिसं चुलीवर चढवलं. हे बघ, हात लाव, चावत नाही. जड आहे की नाही? अंगठ्याच्या पेराएवढी गोळी, नाक बोथट. नुसतं शिसं मऊ पडतं, अस्वलाच्या खांद्याच्या हाडावर चेपून बसतं, म्हणून थोडं कथील घालतो, मग ती हाड फोडून आत जाते. साचा थंड असला की गोळीला सुरकुत्या पडतात. तसल्या मी परत भांड्यात टाकतो. शंभरातल्या तीस तरी परत जातात. तुझा बाप इथं, तू बसलीयस तिथंच बसायचा आणि म्हणायचा, ‘केशा, अस्वलाला मुलगी दाखवायचीय की गोळी घालायचीय?’ एफिमचं तोंडच तसलं. आणि मी चष्मा लावून एकेक गोळी उजेडात फिरवत बसायचो. मग खाचेत चरबी आणि मेण, मग पितळेच्या नळकांडीत दारू, वर गोळी — आणि शेवटी मुरड. पितळेचा काठ गोळीच्या खाचेत दाबून बसवायचा, चारी बाजूंनी सारखा. तुझी आई मावरा पिरोकचा काठ मुरडते ना, आतला मासा आणि भात बाहेर येऊ नये म्हणून? अगदी तसंच. मावरा आज पहाटेपासून तेच करत असेल. तुझ्या बापाचा चाळिसावा दिवस म्हणजे अख्खं गाव जेवायला येणार.

हो, येणार ना मी. न येऊन कसं चालेल?

पण एक सांगतो. ही बंदूक नेऊ नकोस. ही इथं राहू दे, माझी घेऊन जा. ती बघ, दाराशी खुंटीला. जुनी आहे, जड आहे, कमरेला लावली की पहिले आठ दिवस चालताना एका बाजूला कलशील. पण ने. — बापाची आहे, माहीत आहे मला. बापाची आठवण घरात भिंतीला लाव, तिथं छान दिसेल. — का म्हणजे? हलकी आहे म्हणून. हलकी बंदूक वाईट झटका देते, मनगट दुखतं. — मनगट दुखलं तर दुखू दे म्हणतेस. बरोबर त्याच्यावर गेलीयस.

काय म्हणालीस? बोलायचं? मी? आज, जेवणाच्या वेळी? नाही गं पोरी, मला बोलता येत नाही. चौथीनंतर शाळेत गेलो नाही मी, चार माणसं समोर असली की जीभ टाळूला चिकटते. स्टेपानला सांग. तो बोलतो चांगलं, तो — हो. हो, स्टेपान तेच सांगेल. तीन गोळ्यांची गोष्ट. दरवर्षी नाताळात सांगतो तशीच, हात थरथरवून दाखवून. वाईट मनानं नाही सांगत तो. ‘आपला एफिम भला माणूस, पण त्या दिवशी हात आखडला बिचाऱ्याचा, तीन झाडल्या आणि तीन तशाच राहिल्या.’ आणि सगळे मान हलवणार, आणि मावरा ताटं उचलायच्या निमित्तानं आत जाणार. मला दिसत नाही असं वाटतं तुला? तुला शाळेत काय म्हणायचे तेही माहीत आहे मला. ‘तीनवाल्याची पोर.’ चौदा वर्षांची होतीस. एकदा तसं चिडवणाऱ्या दोघा भावांना बदडून आलीस आणि इथं या दाराशी बसून रडलीस. मी तुला सुका मासा दिला. मासा दिला मी तुला, आणि दुसरं काहीच दिलं नाही.

चहा गार झाला तुझा.

हात आखडला नव्हता त्याचा. — काही नाही. काही नाही म्हटलं मी. म्हातारा माणूस बडबडतो. हे घे, डबा उचल आणि जा, आईला मदत कर. बंदूक तेवढी बदलून ने, माझ्यासाठी एवढं कर, आणि —

काय? पुन्हा सांग. एफिमनं सांगितलं? कधी? शेवटी, दवाखान्यात? ‘काडतुसं केशाकडूनच घे.’ असंच म्हणाला? माझ्याकडूनच?

थांब. थांब जरा, मला बसू दे. तो खुर्चीचा पाय — असू दे, हलू दे.

आता ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा मासे आणि शिसं सांगत बसेन. त्या तीन गोळ्यांच्या वर्षी वसंतात त्यानं ही बंदूक घेतली. कंबर दुखायची त्याची, जुनी बंदूक दिवसभर वागवताना जीव जायचा. ही घेऊन आला तो लहान मुलासारखा. ‘केशा, अंगावर आहे हेच कळत नाही बघ.’ आणि मी त्याला काडतुसं दिली, माझ्या बंदुकीसाठी केलेली होती त्यातली. तेच माप, तीच गोळी, तीच दारू. माझ्या बंदुकीतून वीस वर्षं उडत होती, एकानं कधी दगा दिला नव्हता. आता बंदूक हलकी असली की झटका मोठा बसतो, हे तुला कळतं. पण झटका बसतो तेव्हा आत काय होतं? बंदूक मागं येते, पितळ तिच्याबरोबर मागं येतं, आणि सहा भोकांच्या फिरत्या चाकात बाकीची जी काडतुसं भरलेली असतात, त्यांची गोळी जड — ती आपल्या जागी राहू बघते. मुरड घट्ट असली तर धरून ठेवते. सैल असली तर गोळी केसभर पुढं सरकते. दुसऱ्या झटक्याला आणखी. तिसऱ्याला आणखी. आणि मग तिचं नाक चाकाच्या बाहेर येतं आणि चाक फिरायचं थांबतं. अडकतं. घोडा ओढ, रड, देवाचं नाव घे — फिरत नाही.

सैल होती. त्या वर्षी पितळ मिळत नव्हतं कुठं, तीच तीच जुनी नळकांडी पुन्हा भरत होतो, आणि मुरड घट्ट मारली की जुन्या पितळेला काठाशी चिरा जातात. म्हणून हलक्या हातानं मारली. पितळ वाचवलं मी. माझ्या जड बंदुकीत ते चालून गेलं, तिच्यात झटकाच तेवढा नाही. आणि नवी बंदूक आली की काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं का? सहा भरायची, पाच झाडायची, सहावं बाहेर काढून मोजायचं, गोळी सरकली का बघायचं. एवढंच. अर्ध्या तासाचं काम. तो म्हणालाही, ‘चल, वाळूवर जाऊन बघू.’ मी म्हटलं, मासे धुरावर टांगलेत, मला वेळ नाही. आणि — खरं सांगू का? राग आला मला. माझी काडतुसं तपासायची? वीस वर्षांनी?

मग सप्टेंबर. आदल्या दिवशी त्यानं हरीण मारून झाडाला टांगलं होतं, ते आणायला गेलो दोघं. मी होडी बांधत मागं राहिलो. तो वर गेला. आणि ऐकलं मी. एक. दोन — लगेच. तीन. आणि मग काही नाही. मी दोर हातात धरून उभा, चौथीची वाट बघत. किती वेळ उभा होतो, देव जाणे. मग त्याचा आवाज आला, आणि मी रायफल घेऊन धावलो. अस्वलाला मी पाडलं, पण तोवर जबडा आणि डावा हात — ते तुला सांगायला नको, सहा वर्षं तू त्याला भरवलंयस.

त्याला होडीत घालून आणलं. दुसऱ्या दिवशी मी एकटा परत गेलो. बंदूक गवतात पडली होती. उचलली, आणि हात लावल्याबरोबर कळलं मला. चाक अडकलेलं. चौथ्या काडतुसाची गोळी बाहेर आलेली, नखभर, आणि नाकाला ओरखडे — घासलं गेलं होतं ते. त्यानं ओढला होता घोडा, पोरी. पुन्हा पुन्हा ओढला होता. अस्वल अंगावर असताना ओढत होता.

नदीतला गोटा घेतला आणि ती गोळी ठोकून मागं सारली, चाक उघडेल एवढी. न उडालेली तिन्ही काढली. आणि माझ्या खिशातली तीन चांगली घातली. स्टेपान आला संध्याकाळी, त्यानं बंदूक उघडली, चाक फिरवलं, छान फिरलं. ‘तीनच झाडल्या?’ म्हणाला. ‘मग बाकीच्या?’ आणि मी म्हटलं — मी, लुशा, दुसऱ्या कुणी नाही — मी म्हटलं, ‘हात आखडला असेल रे बिचाऱ्याचा. होतं माणसाचं असं.’ एवढंच. हळू आवाजात. लोकांना वाटलं, केशा किती मायेनं बोलतो.

त्याला माहीत होतं. का नसेल? घोडा त्याच्या बोटाखाली होता. एकदा, जबडा जरा चालायला लागल्यावर, आम्ही दोघं बान्यात, वाफेच्या न्हाणीघरात बसलो होतो. तो म्हणाला, ‘केशा, चाक फिरलं नव्हतं रे.’ मी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. खूप ओतलं. एवढी वाफ झाली की एकमेकांचं तोंड दिसेना. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. दर रविवारी देवळातून निघताना उरलेल्या हातानं मला घालायला कोट धरायचा, माझा हा खांदा वर जात नाही म्हणून, आणि मी त्याची बटणं लावायचो. पोरं हसायची, दोन म्हाताऱ्यांत मिळून एक माणूस म्हणायची. तो पण हसायचा, त्या वाकड्या तोंडानं. एक शब्द काढला असता त्यानं तर गावानं ऐकला असता. नाही काढला. माझी अब्रू राखली त्यानं, स्वतःची घालवून. आणि मी ती राखू दिली.

खालच्या फळीवरचा तो तंबाखूचा डबा काढ. पत्र्याचा. उघड. हेच. चौथं. नाकावरचे ओरखडे दिसतात? खिडकीशी ने. गोळी अजून थोडी बाहेर आहे बघ, पुरती मागं गेलीच नाही ती. आणि काठ बघ, मुरड कशी नावाला आहे. आता या नव्याच्या शेजारी धर. हे नवं पितळ आहे, मुरड घट्ट आहे, काल रात्री एकेक तपासलंय — आणि तरी तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. हीच बंदूक न्यायची म्हणतेस ना? ने. पण आधी वाळूवर जा, सहा भर, पाच झाड, सहावं मोज. मग दुसरी पाच. मी सांगतो म्हणून नाही, तुझ्या डोळ्यांनी बघ. माणूस कितीही जवळचा असला तरी त्याचं काडतूस आपल्या बंदुकीत मोजून बघायचं.

शिव्या दे.

घंटा वाजली. सगळे जमले असतील. लुशा, मी बोलतो आज. स्टेपानच्या आधी बोलतो, तो उठायच्या आत. जीभ चिकटली तर चिकटली, सोडवीन. मावराच्या तोंडाकडं बघता येणार नाही मला, पण बोलेन. ते काडतूस दे इकडं, टेबलावर ठेवीन सगळ्यांपुढं, म्हणजे — काय करतेस? खिशात का घालतेस? अगं, ते मला लागेल तिथं दाखवायला, नुसत्या तोंडी सांगितलं तर —

बरं. ने. तुझ्याच बापाचं आहे ते. मी नुसतं तोंडानंच सांगेन.

नको, माझा कोट धरू नकोस, खाली ठेव. ठेव म्हणतो ना. तू पुढं हो, आईजवळ जाऊन बस. दार ओढून घे, वारा आत येतो. कोट मी घालेन माझा मी.