डग्लसच्या पोटातले जंतू

पर्थच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या लोर्नाच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं पडत होतं.

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना, डग्लस? पोटातले जंतू काहीतरी सोडतात आणि त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून तू असा पांढराफटक."

"आणि मी इतकी वर्षं तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, नोरीन!"

"माग आता माफी."

"गोळ्यांचा गुण येऊ दे आधी."

"चौदा दिवस बिअर बंद हं."

"मग राहू देत बिचारे जंतू."

"गप्प बस. गवत कापताना कोसळलास, तेव्हा हातातलं टाकून धावत आले होते मी."

"ठाऊक आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला 'राजा' म्हणालीस."

"म्हणजे शुद्धीवर होतास, मेल्या?"

"हो. म्हटलं, अजून काय काय म्हणतेस ते ऐकावं."